सव्वा महिन्याची सुट्टी

सोमवारी दुपारी डॉक्टरकडून परत आल्यापासून मंदाकिनी एका जागी बसली नव्हती. ओटा तिनं दोनदा पुसला. तिसऱ्यांदा फडकं हातात घेतलं, तेव्हा दिवाकररावांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"मंदे, काय शोधून राहिली?"

"काही नाही."

"मग बस नं जरा. आल्यापासून भिरभिर भिरभिर लावली आहे."

बसायला कोणाला नको असतं हो? बासष्टाव्या वर्षी गुडघ्यांना तर हवंच असतं. पण बसलं की डॉक्टरीणबाईंचा तो शांत आवाज कानात यायचा. "काका, गोळीचा डोस वाढवूनही तुमचं कोलेस्टेरॉल खाली यायला तयार नाही. दोनदा तपासलं, आकडा तोच. आता नवीन इंजेक्शन देऊ. आधी एक, मग तीन महिन्यांनी, त्यानंतर वर्षातून दोनच. शुक्रवारी या." आणि त्यानंतर त्यांनी मंदाकिनीकडे वळून विचारलं होतं, "काकू, गोळ्यांचा डबा तुम्हीच भरता ना? ती गोळी रोज जाते ना पोटात?"

मंदाकिनी "हो" म्हणाली होती. साफ खोटं, आणि तेही वळून बघणाऱ्या नवऱ्याच्या डोळ्यांदेखत.

आता ही भानगड काय ते सांगायला हवं. मागच्या श्रावणात दिवाकरराव रायपूरच्या तेलीबांध्याच्या बाजारातून भाजी घेऊन आले आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. हार्ट अटॅक. दोन स्टेंट पडले, जीव वाचला आणि घरात गोळ्या आल्या. रोज चार. मुलानं, पियुषनं, सात झाकणांची प्लास्टिकची डबी आणली. तिची झाकणं इतकी चिवट की दिवाकररावांची नखं तुटायची पाळी आली. तेव्हा मंदाकिनीनं आपला मिसळणाचा डबा रिकामा केला. मोहरी, जिरं, हळद बरण्यांत गेली आणि त्या सात वाट्यांत सात वार बसले. मधली वाटी रविवारची. दर रविवारी ती डबा भरायची आणि रोज नाश्त्यानंतर दिवाकरराव त्या त्या वाराची वाटी तळहातावर उलटी करून मोजायचे. "एक, दोन, तीन, चार. ऑल राईट." मग पाणी. रेल्वेत छत्तीस वर्षं गार्ड होता माणूस. गाडी गेली, सवय राहिली. गोळ्यांना मात्र बरेच दिवस जिऱ्याचा वास यायचा.

पहिले काही महिने ठीक गेले. मग आकडा आणखी खाली हवा म्हणून डॉक्टरीणबाईंनी कोलेस्टेरॉलची गोळी दुप्पट ताकदीची केली, आणि महिन्याभरात दिवाकररावांच्या पोटऱ्या धरायला लागल्या. घराजवळच्या तलावाला दोन चकरा मारणारा माणूस पहिल्या बाकावर बसायला लागला. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकायला लागला. संडासात उकिडवं बसणं तर बंदच झालं. मंदाकिनी तेल चोळायची, तेव्हा ते ओठ दाबून धरायचे. पुढच्या खेपेला दवाखान्यात तिनं तोंड उघडलंही होतं, "डॉक्टर, यांचे पाय..." तर हे मध्येच म्हणाले, "काही नाही मॅडम, वय झालं." आणि खाली आल्यावर तिला झापलं. "काहून सांगून राहिली? आणखी चार तपासण्या मागं लावतील."

आणि त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या अंजनाबाईंनी मोबाईलवर काय काय पाठवायला सुरुवात केली. या गोळीनं स्नायू विरघळतात. या गोळीनं माणूस विसराळू होतो. साखर वाढते. मंदाकिनी बी.ए. झालेली बाई, सगळ्यावर विश्वास ठेवणारी नव्हे. पण स्नायूंचं तर ती रोज तेल लावता लावता बघतच होती.

मग तिनं एका रविवारी ठरवलं की गोळीला सुट्टी द्यायची. किती? तर सव्वा महिना. त्यांच्या घरात सगळं सव्वा महिन्याच्या मापानं चालत आलेलं. बाळंतिणीला सव्वा महिना, नवस सव्वा महिना, काढा घ्यायचा तरी सव्वा महिना. तेवढ्यानं काय आभाळ कोसळतं? पण हे गोळ्या मोजणार, वाटीत तीन निघाल्या तर लगेच विचारणार. म्हणून तिनं आपली कॅल्शियमची गोळी त्या जागी टाकली. तीही पांढरी, तीही लांबट. दिवाकररावांनी तळहातावर घेतली, मोजली, "ऑल राईट" म्हणाले आणि गिळली.

तिसऱ्या आठवड्यात माणूस तलावाला एक चकर मारून आला. सव्वा महिना झाला तेव्हा दोन मारत होता. वाटेत उभा राहून शेंगदाणे खात होता. आता तुम्हीच सांगा, कोणत्या बाईनं ती गोळी परत वाटीत टाकली असती? मंदाकिनीनं नाही टाकली. म्हटलं, अजून थोडे दिवस. तिनं जेवणात जवसाची चटणी वाढवली, तेल कमी केलं, साय काढून दूध दिलं आणि मनाला सांगितलं की बघ, सगळं सांभाळून राहिली आहेस तू. दर महिन्याला दिवाकरराव शिस्तीत गोळ्या आणायचे आणि त्यातली ती पाकिटं वरच्या फळीवरच्या कुरडयांच्या डब्यात जायची. असे पाच महिने झाले.

आणि आता हे इंजेक्शन.

अंजनाबाईंनी त्याचंही पाठवून ठेवलं होतं. एकदा टोचलं की सहा महिने अंगातून निघत नाही. आत पेशीपर्यंत जाते म्हणे. औषध बाजारात येऊन वर्षंच किती झाली, पुढं काय होईल कोणाले माहीत? हे शेवटचं वाक्य मंदाकिनीच्या छातीत रुतलं. गोळीचं एक बरं असतं, नाही मानवली तर बंद करता येते. तिनं केलीच होती. हे एकदा आत गेलं की कोणत्या डब्यात लपवणार? आणि इंजेक्शन नको म्हणावं, तर ज्या गोळीचा गुण येत नाही म्हणून हे इंजेक्शन, ती गोळी पाच महिन्यांत त्यांच्या पोटात गेलीच नव्हती. हे जगात फक्त तिला माहीत होतं.

मंगळवारी सकाळी ती मुद्दाम तलावावर त्यांच्याबरोबर गेली. बाकावरच्या मंडळींसमोर तिनं विषय काढला. म्हटलं, चार लोक घाबरवतील तर हे आपसूक मागं फिरतील. मंडळींनी काही कसर सोडली नाही. एक म्हणाला कंपन्यांचा धंदा आहे, दुसरा म्हणाला आपल्यावर प्रयोग करून राहिले, अंजनाबाई म्हणाल्या, "दिवाकर भैया, मी तर नाही घेणार बाप्पा. आमच्या सासूबाई तूप खाऊन नव्वदीला गेल्या."

दिवाकररावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग शेंगदाण्याची पुडी चुरगाळत म्हणाले, "हे पाहा, रात्री धुक्यात मी मागच्या डब्यात बसायचो. समोर काय आहे ते मले कधीच दिसलं नाही. ड्रायव्हरले सिग्नल दिसला, त्यानं शिटी दिली, मी मानली. आता डॉक्टरले रिपोर्ट दिसते, मले दिसत नाही. मी मानतो." आणि तिसरी चकर मारायला निघाले. तिसरी! मंदाकिनीला त्या पायांचा अभिमानही वाटला आणि रडूही आलं.

बुधवारी तिनं पियुषला फोन केला. तो नवा रायपूरला सरकारी कचेरीत, त्याला जेवणाच्या सुट्टीत गाठावं लागतं.

"पियुष, बाबांचं ते इंजेक्शन थोडं पुढं ढकलता नाही येणार? आणखी एखाद्या डॉक्टरले दाखवू."

"मम्मी, क्यों? डॉक्टर ने दो बार टेस्ट कराया है ना." मराठी सगळी समजते त्याला, उत्तर हिंदीतच येतं.

"नवीन औषध आहे रे. पुढं जाऊन काय होईल..."

"मम्मी, गोली से फायदा नहीं हो रहा. अब कुछ तो करना पड़ेगा ना? फिर से अटैक आया तो?" मग आवाज उतरवून म्हणाला, "आप इतना ध्यान रखती हो, फिर भी नंबर नहीं उतरा. आपकी गलती थोड़ी है."

फोन ठेवून मंदाकिनी बाल्कनीत गेली, परत आत आली, परत बाल्कनीत गेली. पोरानं शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. हे समजावणं काट्यासारखं बोचलं. फिर से अटैक आया तो, हे तिनं पाच महिन्यांत एकदाही पुरतं मनात येऊ दिलं नव्हतं. पाय दुखत होते ते दिसत होते. आत काय साचत होतं ते दिसत नव्हतं. चौथ्या पायरीवर बसलेला, घामानं चिंब झालेला माणूस तिला आठवला आणि तिनं कठडा घट्ट धरला. बाई गं, काय करून बसलीस तू?

गुरुवारी दुपारी ती सांगणारच होती. चहा टाकला, दोन कप घेऊन बाहेर आली. दिवाकरराव टेबलाशी बसून डायरीत तारखा लिहीत होते. पहिलं इंजेक्शन उद्या, दुसरं तीन महिन्यांनी, मग सहा-सहा महिन्यांनी. चार वर्षं पुढपर्यंत त्यांनी सगळं मांडून ठेवलं होतं, टाइमटेबल करावं तसं.

"हे पाह, इथं ये," ते खुशीत म्हणाले. "माझ्या सत्तरीपर्यंतचं झालं. सत्तरीच्या वर्षी हिवाळ्यात दोन इंजेक्शनांच्या मधी आपण गाणगापूरले जाऊन येऊ."

मंदाकिनीनं चहा ठेवला. "साखर पाहा बरोबर आहे का," एवढंच तिच्या तोंडून निघालं. चांगल्या मूडमध्ये असलेल्या माणसाला कसं सांगायचं, आणि वाईट मूडमध्ये असता तर तेव्हा तरी सांगितलं असतं का, हे तिचं तिलाच कळेना. संध्याकाळी तिनं स्टूल घेतलं, कुरडयांचा डबा उतरवला आणि पाकिटं मोजली. पंधरा. एकही गोळी निघालेली नव्हती.

शुक्रवारी पियुष गाडी घेऊन आला. मंदाकिनीच्या हातात कापडी पिशवी होती.

"मम्मी, इसमें क्या है?"

"कुरडया," ती म्हणाली. डबा कुरडयांचाच होता, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.

"देवश्री मॅडमसाठी?" दिवाकररावांनी विचारलं. "चांगलं केलं. भल्या बाई आहेत."

डॉक्टर देवश्रींच्या खोलीत गार हवा होती. पियुष गाडी लावायला खालीच थांबला होता. नर्सनं फ्रीजमधून खोकं काढून टेबलावर ठेवलं. एवढंसं होतं ते, टूथपेस्टच्या खोक्याएवढं. दिवाकररावांनी शर्टाची खालची बटणं सोडली, कारण पोटावर टोचायचं होतं. "घाबरू नका काका, मुंगी चावल्यासारखं," डॉक्टर म्हणाल्या. दिवाकरराव हसले. "मॅडम, सिग्नल तुमचा, मी तयार आहे."

नर्सनं कापूस ओला केला.

"थांबा," मंदाकिनी म्हणाली.

तिनं पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडून टेबलावर उपडा केला. पंधरा पाकिटं पडली, त्यांच्याबरोबर दोन-चार कुरडयांचे तुकडेही पडले. मंदाकिनीला वाटलं होतं की आपण रडू. रडू आलं नाही.

"ही गोळी यांनी घेतलीच नाही, मॅडम. मी काढून घेत होते. पाच महिने. तिच्या जागी माझी कॅल्शियमची टाकत होते. यांना ठाऊक नाही. यांचे पाय इतके दुखत होते, यांना उठवत नव्हतं. मी सव्वा महिन्यासाठीच केलं होतं."

डॉक्टर देवश्रींनी एक पाकीट उचललं, उलटून बघितलं, खाली ठेवलं. इंजेक्शनाचं खोकं नर्सकडे सरकवून म्हणाल्या, "फ्रीजमध्ये ठेव." मग मंदाकिनीकडे वळल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या नुसत्या थकलेल्या दिसल्या.

"पाय दुखत होते हे मला का नाही सांगितलं, काकू?"

मंदाकिनी कुरडयांचे तुकडे वेचायला लागली. दिवाकररावांचा शर्ट अजून उघडा होता. ते पाकिटांकडे बघत होते. "ती सांगत होती," ते हळूच म्हणाले. "मीच बोलू नाही दिलं."

"काही लोकांना होतं असं. डोस कमी करता येतो, दुसरी गोळी देता येते. नुसतं सांगायचं होतं." डॉक्टरांनी कागद ओढला. "आज इंजेक्शन नाही. रक्त तपासू, स्नायूंचंही बघू. दुसरी गोळी हलक्या डोसनं सुरू करू. सहा आठवड्यांनी परत या. तेव्हाही आकडा उतरला नाही, तर मग इंजेक्शनाचं बोलू."

सुटलो म्हणून मंदाकिनीनं श्वास सोडायला हवा होता. तिला सुटल्यासारखं वाटलंच नाही.

"मॅडम, एक विचारू? त्या इंजेक्शनानं वीस वर्षांनी काय होते?"

"वीस वर्षांचं मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ते येऊन वीस वर्षं झालीच नाहीत. जितकी वर्षं बघितलंय, तितक्यात घाबरण्यासारखं फार काही दिसलं नाही. कोणी तुम्हाला याहून जास्त खात्रीनं सांगत असेल, इकडून किंवा तिकडून, तर त्याला विचारा की तुला कसं कळलं." त्या थांबल्या. "पण दोन स्टेंटचा माणूस बिनगोळीचा राहिला तर काय होऊ शकतं, ते मला माहीत आहे. ते मी दर आठवड्याला बघते."

परतताना गाडीत दिवाकरराव पुढं बसले. पियुषनं विचारलं, "हो गया इंजेक्शन?" ते म्हणाले, "नाही. घरी जाऊन आईले विचार."

पियुषला सगळं सांगून झालं, तो डोक्याला हात लावून बसला आणि मग कचेरीत गेला. दिवाकरराव आपल्या खुर्चीत होते. मंदाकिनी समोर उभी राहिली.

"रागवा नं काही."

"रागवत नाही." खरंच रागवले नव्हते, तेच वाईट होतं. "छत्तीस वर्षांत मी झेंडी दाखवल्याशिवाय एक गाडी हलली नाही. अन् इथं माझ्या अंगात पाच महिने गाडी चालून राहिली होती, मीच 'ऑल राईट' म्हणून राहिलो होतो. रोज. तुझ्या समोर."

"मी तुम्हाले विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

"हव. नाही म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं."

"ते समजलं मले," दिवाकरराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मी त्या जिन्यावर परत बसलो असतो, तर तू कोणाले सांगितलं असतं?"

तिनं खरंच विचार केला आणि तिला कळलं की कदाचित कोणालाच नाही. ते आयुष्यभर तिनं त्या कुरडयांच्या डब्यात ठेवलं असतं. ती मोरीकडे गेली आणि भांडी घासायला लागली.

रविवार आला. नाश्ता झाल्यावर मंदाकिनी सवयीनं मिसळणाचा डबा काढायला गेली, तर तो फळीवर नव्हता. दिवाकररावांनी तो टेबलावर नेला होता. चष्मा, भिंग, सगळी औषधं, डॉक्टरांचा कागद. एक एक नाव ते भिंगाखाली धरत होते, कागदाशी ताडून बघत होते आणि जाड बोटांनी गोळी फोडून वाटीत टाकत होते. तिला पाच मिनिटांचं काम होतं ते. त्यांना पाऊण तास लागला.

ती स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. कोथिंबीर निवडली, निवडलेली परत निवडली. शेवटी राहवलं नाही, ती येऊन टेबलाच्या पलीकडं उभी राहिली. त्यांनी वर बघितलं नाही. तिनं वाट्यांवरून नजर फिरवली आणि थबकली. बुधवारच्या वाटीत ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या पडल्या होत्या.

पाच महिने तिनं एका गोळीच्या जागी दुसरी टाकली होती, तेव्हा हात कापला नव्हता. आता नुसतं दोन शब्द बोलायला जीभ उचलेना. मी बोलणारी कोण, असं झालं. तोवर दिवाकरराव शनिवारच्या वाटीपर्यंत पोचले होते, झाकण शोधत होते.

"बुधवार पाहा," ती म्हणाली.

दिवाकररावांनी भिंग घेतलं. बुधवारची वाटी उचलली, निरखली, एक गोळी चिमटीनं काढून पाकिटाशेजारी ठेवली. मग झाकण हातात घेतलं, पण लावलं नाही. डबा फिरवून त्यांनी तिच्या बाजूला केला. सात वाट्या तिच्यासमोर आल्या. डबा त्यांनी हातातून सोडला नव्हता.

"ऑल राईट?" त्यांनी विचारलं.

मंदाकिनीनं हात मागं धरले आणि एक एक वाटी डोळ्यांनी मोजली. रविवार झाला, सोमवार झाला, मंगळवार. सहा वाट्या झाल्यावर तिला नीट दिसेना म्हणून ती थांबली, पदरानं डोळे पुसले आणि शेवटची वाटी पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"ऑल राईट," ती म्हणाली.

दिवाकररावांनी झाकण लावलं, डबा उचलला आणि आपल्या खुर्चीमागच्या खिडकीत ठेवला.